दहाची जुडी

जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुसरीच्या वर्गात संख्यांचे श्रुतलेखन घेताना मी ‘त्रेपन्न’ म्हटले आणि अकरापैकी सात मुलांनी पाटीवर ३५ लिहिले. ‘एकोणसाठ’ म्हटल्यावर निम्म्याहून अधिक पाट्यांवर ६९ उमटले. हीच मुले रोज सकाळी परिपाठानंतर एक ते शंभर अंक एका सुरात, एकही न चुकता म्हणत असत आणि त्या सुरावर विसंबून मीही पहिले दोन आठवडे निश्चिंत होते. त्या दिवशी मी सहज विचारले की, ३९ मोठे की ५१. पुढे बसलेल्या मुलीने ठामपणे ३९ सांगितले आणि वर कारणही दिले, “नऊ मोठो ना, बाई!”

आमची शाळा सावंतवाडी तालुक्यातील एका वाडीवरची, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली आणि दुसरी माझ्याकडे, तिसरी आणि चौथी मुख्याध्यापकांकडे. मुलांची घरची भाषा मालवणी असली, तरी या चुकांचे मूळ त्या अंतरात नव्हते. मालवणी काय आणि प्रमाण मराठी काय, दोन्हींत संख्या बोलताना एकक आधी आणि दशक नंतर येतो, लिहिताना मात्र दशक आधी. ‘त्रेपन्न’ ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर आधी तीन पडतात, म्हणून हातून आधी ३ लिहिला जातो. एकोणसाठची गंमत आणखी वेगळी आहे. शब्दात ‘साठ’ ऐकू येते म्हणून मूल ६ लिहिते, ‘एकोण’ आले की पुढे ९ येतो एवढे त्याच्या लक्षात असते, आणि ६९ तयार होतात. साठाला एक उणा असा तो शब्द आहे, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. शिवाय हा नियमही सरळ नाही, कारण एकोणनव्वद म्हणणारी आपली भाषा शंभराच्या अलीकडे येऊन एकदम नव्व्याण्णव म्हणते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’, ‘साठ दोन’ अशी दशक आधी घेणारी नावे आली, तेव्हा मोठा वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका वारंवार मांडली. त्या नावांवरचे विनोद मात्र या भूमिकेपेक्षा दूर पोहोचले. वर्गात रोज उभे राहणाऱ्या माझ्यासारखीला त्या नावांचा उपयोग लगेच पटला होता, तरी नुसत्या नावांनी काम भागेल असे मला वाटत नव्हते. बाजारात, एसटीत, आजीच्या तोंडी त्रेपन्नच असणार. दोन्ही नावे मुलाच्या मनात एकाच गोष्टीला जाऊन चिकटायची असतील, तर ती गोष्ट आधी त्याच्या हातात यायला हवी होती.

शाळेच्या लोखंडी कपाटात गणिताच्या साहित्याची एक पेटी होती. दशकाचे दांडे, सुटे ठोकळे, शतकाचे चौरस, खोटी नाणी आणि नोटा असे बरेच काही तिच्यात होते, आणि पिशव्यांची तोंडे अजून चिकटवलेली होती. यात कोणाचा आळस होता असे मी म्हणणार नाही. साहित्य जडवस्तू नोंदवहीत चढलेले असते. एक ठोकळा हरवला तरी तपासणीच्या वेळी उत्तर द्यावे लागेल या धास्तीने शिक्षक ते मुलांच्या हाती देत नाहीत. मीही दोन वर्षे दिले नव्हते. मुख्याध्यापकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “हरवले तर हरवले, वापरून हरवले असे लिहू.” हे एक वाक्य त्या पेटीपेक्षा मोलाचे ठरले.

पेटी उघडली त्या दिवशी मी पाठाचे नीट टाचण काढले होते. प्रत्यक्षात मुलांनी दांड्यांची गाडी केली, शतकाच्या चौरसांचे घर केले, सुट्या ठोकळ्यांची भात म्हणून पेरणी केली, आणि एकाने एक दांडा कानामागे पेन्सिलीसारखा खोवला. मी दहा मिनिटांत सगळे गोळा करून घेतले आणि दटावले. ही माझी चूक होती. दहाच्या पटीतील हे ठोकळे जगभरच्या वर्गांत नेणारे हंगेरियन गणिती झोल्तान दिनेश यांनी गणित शिकण्याच्या ज्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांतील पहिलीच पायरी मुक्त खेळाची आहे. ते मी डी.एड.ला असताना परीक्षेपुरते लिहिलेही होते. दुसऱ्या दिवशी पेटी पुन्हा काढली आणि तीन दिवस रोज अर्धा तास काहीही न विचारता मुलांपुढे ठेवली. तिसऱ्या दिवशी एका मुलाने दांड्याशेजारी सुटे ठोकळे मांडून लांबी जुळवली आणि ओरडून सांगितले की, दहा लागतात. तिथून पाठ आपोआप सुरू झाला.

तरीही एक अडचण राहिली, आणि ती ध्यानात यायला मला बरेच दिवस लागले. ३२ दाखवा म्हटले की मुले तीन दांडे आणि दोन ठोकळे बरोबर मांडत. पण मोजून दाखवा म्हटले की पहिल्या दांड्यावरच्या खाचा एक, दोन, तीन अशा बोटाने मोजायला लागत. तो दांडा दहाचा आहे हे त्यांना माझ्या सांगण्यावरून मानावे लागत होते. एका मुलीने तर विचारलेच, “बाई, ह्यात खराच धा आसत?” मग वजाबाकी आली. ३२ मधून ७ काढायचे, तर दांडा मोडता येत नाही. तो परत देऊन दहा सुटे घ्यायचे असतात. मोठ्यांना हा व्यवहार सरळ वाटतो, पण सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने एक वस्तू नाहीशी होऊन तिच्या जागी दहा निराळ्या वस्तू आलेल्या असतात. बदली का आणि कशी झाली, हे त्याला दिसत नाही. पाटीवर तर सरसकट ३५ उत्तर येत होते, कारण सातातून दोन काढणे सोपे पडते.

मार्ग दाखवला तो आमच्या स्वच्छतागृहाच्या कोपऱ्यातल्या झाडूने. माडाच्या झावळ्यांचे हीर, म्हणजे पात्यांमधल्या ताठ काड्या, आमच्याकडे घरोघरी काढले जातात. आजी दुपारी पडवीत बसून पाते सोलते आणि हिरांचा झाडू बांधते. मी मुलांना घरून हीर आणायला सांगितले. दोन दिवसांत वर्गात एवढे हीर जमले की, कोपऱ्यात ढीग झाला. ते वीतभर लांबीचे कापून घेतले, टोके घासून बोथट केली, आणि कामाला सुरुवात केली: दहा मोजायचे आणि सुतळीने बांधून जुडी करायची. दहा जुड्या झाल्या की त्यांची मोळी. जुडी, मोळी आणि सुटे हे शब्द मी शिकवले नाहीत, ते मुलांकडे होतेच. अळूची, मेथीची जुडी आणि लाकडांची मोळी त्यांनी पाहिलेली होती. दशक आणि शतक हे पुस्तकातले शब्द त्यांच्यावर मागाहून अलगद बसले.

यात पहिला आठवडा गणित झालेच नाही, गाठ मारणे झाले. बहुतेकांना निरगाठ येत होती, सुरगाठ येत नव्हती. मुख्याध्यापकांनी रबर बँड सुचवले, आणि माझाही कल तिकडेच होता. पण पावसाळ्यातल्या दमट हवेत ते चिकट होऊन तुटतात, म्हणून सुतळीवरच राहिलो. वजाबाकीच्या दिवशी त्या सुरगाठीचे मोल समजले. ३२ म्हणजे तीन जुड्या, दोन सुटे. सात द्यायचे आहेत आणि हातात सुटे दोनच आहेत. वर्ग थोडा वेळ गप्प राहिला. मग एका मुलाने काही न बोलता एका जुडीची गाठ ओढली, हीर खाली पसरले, आणि तो सात मोजून बाजूला ठेवू लागला. उरल्या दोन जुड्या आणि पाच सुटे. ‘उसना घेणे’ हा शब्द मी त्या दिवशी वापरला नाही, कारण कोणी कोणाकडून काही घेतलेच नव्हते. आपलीच जुडी आपण सोडली होती. एका मुलाची जुडी मात्र निरगाठीची होती. ती सुटेना, तेव्हा तो रडवेला झाला आणि मधल्या सुट्टीत बसून त्याने आपल्या सगळ्या जुड्या नव्याने बांधल्या.

प्लॅस्टिकचा दांडा आणि हिरांची जुडी यांत फरक एवढाच होता की, जुडी मुलाने स्वतः मोजून बांधलेली होती. ती दहाची आहे हे त्याला कोणावर विश्वास ठेवून मानायचे नव्हते. इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या सोनेरी मण्यांच्या साहित्यात एक सुटा मणी, दहा मण्यांची तार, शंभरांचा चौरस आणि हजारांचा घन असतो. ते साहित्य अतिशय नेटके आहे. हजार म्हणजे केवढे, हे वजनासह हाताला कळते, आणि ही सोय आमच्या हिरांत नाही. परंतु ती तारही सुटत नाही. शिवाय किंमत आहेच. गुजरातमधील बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, खडे, पाने अशा आसपासच्या वस्तूंतून बालवाडीचे साहित्य उभे केले होते. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबादच्या टेकडीवर गेले. मी ते आजवर काटकसरीचे उदाहरण म्हणूनच वाचले होते. हीर कापताना ते मला निराळे दिसले. परिचयाची वस्तू असली की मूल तिला घाबरत नाही, मोडली तर दुसरी आणते आणि तिची मोडतोड करूनच ती समजून घेते.

एकोणसाठचे कोडे मात्र जुड्यांनी सुटण्यासारखे नव्हते, कारण पाच जुड्या आणि नऊ सुटे पाहून साठ जवळ आहेत असे काही वाटत नाही. त्यासाठी गणितमाळ केली: शंभर मणी, दहा तांबडे आणि दहा पांढरे असे आलटून पालटून, दोन खिळ्यांमध्ये फळ्याखाली ताणून बांधलेले. मणी सावंतवाडीच्या बाजारातून आणले आणि रात्री घरी बसून ओवले. दुसऱ्या दिवशी ती टांगून पाच मिनिटे झाली नाहीत तोच मागून आवाज आला, “बाई, हय अकरा आसत!” सातव्या गटात खरोखरच अकरा मणी होते. ज्या वर्गाला मी महिनाभर प्रत्येक दहा मोजून घ्यायला लावले होते, त्याने माझेही दहा मोजून घेतले होते. माळ उतरवली, एक मणी काढला, पुन्हा बांधली.

माळेवर कपड्यांचा चिमटा लावून संख्या दाखवायची. चिमटा साठ मण्यांनंतर लावा, आता एक मणी मागे या, हा एकोणसाठ. ‘एक उणा साठ’ हे शब्द मी फळ्यावर लिहिले आणि त्यांचे एकोणसाठ कसे झाले ते सांगितले. मग मुलांनी आपणहून एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास शोधत माळेवर चिमटे लावले आणि नव्व्याण्णवाला येऊन थांबली. “ह्यो एकोणशंभर कित्याक नाय?” याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि तसे मी सांगितले.

या माळेवरचा सर्वांत रंगलेला खेळ म्हणजे मनातली संख्या ओळखणे. एकाने संख्या मनात धरायची, बाकीच्यांनी अंदाज करायचा, त्याने फक्त ‘पुढे’ किंवा ‘मागे’ एवढेच सांगायचे, आणि दोन चिमटे दोन्ही बाजूंनी सरकवत आणायचे. सुरुवातीला मुले सात, नव्वद, अकरा असे काहीही म्हणत आणि पंधरा-पंधरा प्रश्न होत. एक मुलगा वर्गात फारसा बोलत नसे. त्याची पाळी आली की तो आधी माळेच्या मध्यावर बोट ठेवी आणि ‘पन्नास’ म्हणे, मग उरलेल्या भागाचा मध्य शोधी. दरवेळी निम्मी माळ बाद होते, त्यामुळे असे केल्यास शंभरांतील कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात प्रश्नांत सापडतेच. हे त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि त्याला ते शब्दांत सांगताही आले नाही; आठवडाभरात अर्धा वर्ग त्याचे पाहून तसे खेळू लागला. लेखी चाचणीत हा मुलगा मागे असायचा. त्याला काय येते हे जाणून घ्यायला माझ्याकडे तोवर दुसरी जागाच नव्हती.

सगळेच काही जमले असे नाही. सापशिडी मी मोठ्या आशेने आणली होती. मुलांना ती अर्थातच आवडली. पण तिच्यावरचे अंक पहिल्या ओळीत डावीकडून उजवीकडे जातात, दुसऱ्या ओळीत उलटे येतात, आणि त्यातच शिडीने एकदम वीस घरे वर नेले की संख्यांच्या क्रमाचे भान राहत नाही. मुले क्रम पाहतच नव्हती, सोंगट्या पाहत होती. त्याऐवजी आम्ही व्हरांड्याच्या फरशीवर सरळ रेषेत शंभर घरे आखली आणि फाशावर चार पडले की ‘सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस’ असे घराचे नाव घेतच पुढे सरकायचे असा नियम केला. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, एक ते दहा अंकांच्या अशा सरळ पटावर एकूण तासभर खेळलेल्या गरीब घरांतील लहान मुलांची संख्यांची समज वाढलेली दिसली होती. तोच पट अंकांऐवजी रंगांचा होता, तेव्हा तसा फरक पडला नव्हता. खेळ तोच, पटाची मांडणी तशीच; फक्त घरांवर काय होते आणि तोंडाने काय म्हणायचे ते बदलले होते.

पदरचे पैसे घालून शहरातून आणलेली मण्यांची प्लॅस्टिकची पाटी चार दिवसांत खुळखुळा झाली. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या बाजारातून, चितारआळीतून, लाकडी फळांचा संच आणला, तेव्हा ज्यांच्या अंगणातच काजू आणि आंबे आहेत ती मुले त्या आंब्याकडे पाहून हसली. पण पहिलीच्या मुलांनी त्यांचे दुकान मांडले, भाव केले, आणि महिनाभर ते दुकान चालले. चिंचोके आणि सागरगोटे मी समोर नसताना पहिलीला कधी देत नाही, कारण एका मुलाने चिंचोका नाकात घातला होता आणि तो निघेपर्यंतची पंधरा मिनिटे मला अजून आठवतात.

पालकांची शंका यायची तशी आली. एका आजींनी फाटकात उभ्या राहूनच सुनावले, “बाईनू, आमी पोरांक शाळेत खेळूक धाडणव नाय.” मी त्यांना आत बोलावले, हिरांचा ढीग पुढे केला आणि नातीला चारशे सत्तावीस मांडायला सांगितले. तिने चार मोळ्या, दोन जुड्या, सात सुटे मांडले. आजींनी एक जुडी उचलली, गाठ पाहिली, आणि म्हणाल्या की सुतळी फुकट कशाला घालवता, केळीचे सोप वापरा. पुढच्या आठवड्यात त्यांनी वाळवलेल्या सोपांची गुंडाळीच पाठवली.

सर्वांत कठीण गेले ते साहित्य काढून घेणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी हाताने करणे, चित्राने दाखवणे आणि चिन्हाने लिहिणे असे तीन टप्पे मांडले आहेत. मधला टप्पा गाळून मी एकदम पाटीवर आले, तेव्हा जुने घोटाळे परत आले. मग जुडीसाठी उभी रेघ आणि सुट्यासाठी टिंब असे चित्र काढायला लावले. ३२ म्हणजे तीन रेघा, दोन टिंबे. एक रेघ खोडून दहा टिंबे काढायची, त्यांतील सात खोडायची. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बहुतेक मुले रेघांवरून अंकांवर आली. एक मुलगी मात्र माळ सोडायला तयार नव्हती. साधी बेरीज असली तरी उठून माळेशी जाई. सुट्टीनंतर मी माळ उतरवून कपाटात ठेवली. पहिल्या दिवशी ती उठली, रिकाम्या खिळ्यांशी जाऊन उभी राहिली, आणि मी आता माळ काढून द्यावी की काय अशा विचारात असतानाच तिचे बोट हवेत, दोन खिळ्यांच्या मधोमध, सावकाश पुढे सरकू लागले. जिथे ते थांबले, तिथले उत्तर बरोबर होते. डिसेंबरात ती जागेवर बसूनच भिंतीकडे पाहून सांगू लागली.

पुढच्या जूनमध्ये जुन्या हिरांना बुरशी आली होती, म्हणून नव्या दुसरीसाठी नवे हीर कापायचे ठरले आणि तिसरीत गेलेल्या मुलांना मदतीला बोलावले. त्यांनी दुपारभर बसून जुड्या बांधून दिल्या. नव्या मुलांना वाटण्यापूर्वी मी सहज चाळल्या, तर एका जुडीत नऊच हीर निघाले. बांधणारी होती ती मागच्या वर्षी ३९ ला मोठे म्हणणारी मुलगी. चूक दाखवावी म्हणून मी तिला हाक मारली, तर ती हसू दाबत हळूच म्हणाली, “सांगा नको, बाई. ती मोजतत काय, बघूया.”